साहेब येईपर्यंत शटर बंद

नाव वाचून तुम्हाला वाटलं असेल, आता एक साहेब येणार. त्याच्या काखेत फाइल असणार, टेबलाखालून काहीतरी सरकणार, आणि शेवटी कोणीतरी त्या साहेबाला चांगला धडा शिकवणार. तसलं काही वाचायला बसला असाल तर इथंच थांबा, उगाच चहा गार होईल. यात साहेब येतच नाही. शेवटपर्यंत येत नाही. तो येत नाही म्हणूनच तर सगळा घोळ झाला, आणि बोलणी खाल्ली मी.

मी बोईसरला एका झेरॉक्स आणि ऑनलाइनच्या दुकानात कामाला आहे. आमचे बाबा मात्र कोणी विचारलं की "बोईसरला बसतो" एवढंच सांगतात, जसा काही मी तिथला कलेक्टर. लोकांचे दाखले, फॉर्म, अर्ज असलं सगळं मी भरतो. गिऱ्हाईक नसलं की नकला करतो. शाळेतल्या मुख्याध्यापकांची, आमच्या शेठची आणि प्रिंटरची. प्रिंटरची माझी खास आहे. कागद अडकल्यावर तो घशातून जो आवाज काढतो ना, तो मी असा काढतो की शेठ उठून झाकण उघडून बघतात. मग मला बघतात.

माझी आत्या पालघरला असते. मूळची आमच्या माहीमची, मुंबईच्या नव्हे, पालघरजवळच्या, वाडीत पानवेली न् केळी बघत वाढलेली. लग्न होऊन पालघरला गेली, तर तिथं सासऱ्यांचं चहा-वड्याचं हॉटेल. हॉटेल म्हणजे बाकडी, एक काचेचं कपाट आणि मागं पडदा. पडद्याच्या पुढं सासरे, पडद्याच्या मागं आत्या. सगळं पालघर म्हणायचं, म्हाताऱ्याच्या हाताला काय चव आहे. म्हाताऱ्यानं आयुष्यात कधी वडा तळला नव्हता. सासरे गेले, जागा भाड्याची होती ती गेली, आणि आत्या घरी बसली. काका, म्हणजे आत्याचे मिस्टर, तारापूरला कंपनीत होते. ते रिटायर झाले तेव्हा आत्या त्यांना म्हणाली, "आता तुमी बसा घरी, मी निघते."

आणि खरंच निघाली. बोईसरहून तारापूरच्या कंपन्यांकडं जातो त्या रस्त्याला, पंक्चरवाल्याच्या शेजारचा गाळा घेतला. सकाळी पोहे, वालाची उसळ, दुपारी तांदळाची भाकरी. हाताखाली मनोरकडची एक बाई ठेवली. ती आधी भातकापणी झाली की घरच्यांबरोबर वीटभट्टीवर जायची. आत्या तिला म्हणाली, भट्टीच पेटवायची ना, मग माझी पेटव.

राहिला कागद. त्यासाठी आत्या आणि काका माझ्या दुकानात आले.

मी खुर्ची सरळ केली, वकिलासारखा आवाज काढला. "बोला. धंदा कसला नोंदवायचा? एकटीचा, भागीदारीत, का कंपनी काढायची?"

"कंपनीत तुजे काका होते," आत्या म्हणाली. "कंपनीनं काय दिलं, तर गुडघे."

"मग भागीदारी करा. काकांबरोबर."

"ती एक चालू हाय ना. नोंदणी पण केलेली हाय. त्यातला नफा दाखव मला."

काका लॅमिनेशनच्या मशीनकडं फार लक्ष देऊन बघायला लागले.

"एकटीचा लिही," आत्या म्हणाली.

आता थोडं कायद्याचं सांगतो, कंटाळू नका, मी पण नाही कंटाळलो. आपल्याकडं दुकान टाकलं की गुमास्ता, म्हणजे दुकानाची सरकारी नोंद, काढावा लागतो. आधी काय होतं, अर्ज करायचा, मग शॉपवाला साहेब दुकान बघायला यायचा, मग लायसन मिळायचं. ते फ्रेम करून लक्ष्मीच्या फोटोशेजारी लावायचं आणि मुदत संपली की पुन्हा काढायचं. मग कायदा बदलला. छोट्या दुकानांना लायसनच नको. आम्ही धंदा सुरू केलाय एवढं सरकारला ऑनलाइन कळवायचं, पावती येते, संपलं. ही सवलत आधी दहाच्या आत माणसं असली तर होती, आता वीसच्या आत केलीय. आत्याच्या दुकानात ती, काका आणि ती मनोरची बाई. वीस व्हायला पंक्चरवाल्यासकट सगळी चाळ कामाला लावावी लागली असती.

कळवायला दुकानाचा एक फोटो लागतो, मराठी पाटी दिसेल असा. तो काढायला मी दुसऱ्या दिवशी सकाळी गाळ्यावर गेलो. आत्या मोरपंखी साडी नेसून, आंब्याच्या पानांचं तोरण बांधून शटरसमोर उभी. केसात अबोली. मी मोबाइल धरला आणि म्हटलं, "आत्या, तू जरा बाजूला हो. पाटी झाकली जातेय."

"मी नको त्यात?"

"पाटी पाहिजे फक्त."

ती बाजूला झाली. मी फोटो काढला. हे लक्षात ठेवा. मी ठेवलं नव्हतं.

मग दुकानात आणून मी तिला स्वयंघोषणा वाचून दाखवली, म्हणजे मी दिलेली माहिती खरी आहे असं मीच लिहून देते.

"हे तर चोर पण लिहून देईल," आत्या म्हणाली.

"चोर गुमास्ता काढत नाही, आत्या."

सही झाली, मी बटण दाबलं. प्रिंटरनं घसा खाकरला, यावेळी खरोखरचा, आणि पावती बाहेर आली. "घे. झालं."

"काय झालं?"

"दुकान झालं."

तिनं कागद उलटा करून बघितला. मागं कोरा. "सही कोणाची?"

"नाही लागत."

"शिक्का?"

"नाही."

"आणि बघायला कोण येणार?"

"कोणी नाही येत आता. कायदाच बदललाय. तू कळवलंस, त्यांना कळलं."

"म्हणजे मी बोलले आणि सरकारनं ऐकलं."

"हो."

"घरात पण एवढं ऐकत नाय माजं कोणी." तिनं कागद घडी न करता काकांच्या पिशवीत सरळ ठेवला. मला वाटलं, खूष आहे.

खाण्याच्या धंद्याला अन्नवाल्यांची वेगळी नोंदणी लागते, ती पण मी ऑनलाइनच करून टाकली. तिथूनही कोणी आलं नाही, कागदच आला. सगळं तयार. पातेली आली, शेगडी आली, पाण्याचा पिंप आला. पण दुकान काही उघडेना. आत्या रोज पालघरहून यायची, शटर अर्धं वर करायची, आतून पुसून काढायची आणि काउंटरमागं बसायची. कंपनीतली पोरं वाकून वाकून आत बघायची. "चाची, कब चालू होगा?" तर आत्या म्हणायची, "साहब आएगा, फिर होगा."

कोणता साहेब ते पोरं विचारायची नाहीत. साहेब म्हटलं की बोईसरमध्ये कोणी जास्त विचारत नाही.

शेवटी बाबांचा मला फोन आला. "तू भरलास ना फॉर्म? मग ती का बसलीय शटर लावून? काहीतरी चुकवलंस तू."

म्हणून दुपारी जेवायच्या सुट्टीत मी गाळ्यावर गेलो. वाकून आत शिरलो, तर आत्या काउंटर पुसत होती, काका स्टुलावर, आणि मनोरची बाई कांद्याची साल काढत बसली होती. न उघडलेल्या दुकानात एवढा कांदा कोण खाणार होतं देव जाणे.

"आत्या, कायद्यानं तुझं दुकान चालू आहे," मी म्हटलं. "तूच बंद ठेवलंयस."

"कोणी बघितलं नाय आणि दुकान झालं? बारशाला कोणी आलंच नाय, तर पोराचं नाव काय ठेवलं ते गावाला कसं कळणार?"

"साहेब येऊन करायचा काय असा?"

हे मी विचारायला नको होतं, कारण आत्या उठली आणि तिनं मला साहेब करून दाखवला. मी आयुष्यभर समजत होतो की नकलांचं मी कुठून तरी स्वतःच शोधून काढलंय. ते आमच्या रक्तातलं निघालं. आत्यानं पदर खोचला, पोट जरा पुढं काढलं, आणि समोर साहेब. हात मागं बांधून तो आत यायचा. काउंटरच्या कडेवरून एक बोट फिरवायचा आणि बोट उन्हाकडं धरून बघायचा. वडा अर्धाच खायचा, उरलेला अर्धा बशीत उलटा ठेवायचा. आणि मग मान डावीकडं वळवून, म्हणजे जिथं सासरे बसलेले असायचे तिकडं बघून, नाकातून विचारायचा, "मालक कोण?"

"सासरे उठून म्हणायचे, मी, साहेब," आत्या म्हणाली. आता ती सासरे झाली होती, हात जोडून. "मग साहेब पडद्याकडं बोट करायचा. आत कोण? सासरे म्हणायचे, घरातलीच हाय. मग साहेब लिहायचा, घरातली माणसं, एक."

मनोरची बाई खो खो हसत होती. मी पण. काका हसत नव्हते, ते वडिलांची नक्कल बघत होते.

"साहेब यायच्या आदल्या दिवशी मी सगळं घासायचे," आत्या परत आत्या होऊन बसली. "तो एकदा म्हणाला, पालघरात एवढं चकाचक हॉटेल दुसरं नाय. सासऱ्यांना म्हणाला. मी पडद्याआड होते, कढईपाशी. तेव्हाच ठरवलेलं, कधीतरी माजं दुकान असंल, आणि तो विचारंल, मालक कोण. तेवढंच सांगायचं होतं मला, तर आता तो येणंच बंद. माजी पाळी आली आणि सरकारला कोणाला काय विचारायचंच नाय." ती हसली. "फॉर्ममधी विचारलं असंल ना रे?"

विचारलं होतं. मालकाचं नाव म्हणून एक चौकोन होता. तो मी भरला होता, तिला न विचारता, कारण तिचं नाव मला माहीतच होतं. बहुतेक तेवढ्यात शेठशी क्रिकेटवर बोलत पण होतो.

"याला करा ना साहेब," मनोरची बाई कांद्यातून मान वर न काढता म्हणाली. "नायतरी सारका कोणाकोणाचा आवाज काडत असतो."

मी हसलो. आत्या हसली नाही. तिनं मला वरून खालपर्यंत बघितलं, कापडाच्या दुकानात ताग्याकडं बघतात तसं.

"खोटा तर खोटा," ती म्हणाली. "पूजेला गणपती नसला तर सुपारी चालते ना. उद्या सकाळी ये. पण नीट ये. टिंगल नको."

"आत्या, तू बघच," मी म्हटलं, आणि घरी जाऊन आरशासमोर तालीम सुरू केली.

एवढी मेहनत मी दहावीला घेतली असती तर आज झेरॉक्स मारत नसतो. हात मागं, बोट कडेवरून, बोट उन्हाकडं, नाकातला आवाज. बाबांचा इस्त्रीचा शर्ट, काखेत आमच्या दुकानातली फाइल. आई म्हणाली, कोणाच्या लग्नाला चाललास? बाबा म्हणाले, बोईसरला बसतो ना तो.

सकाळी गाळ्यावर पोचलो तर शटर पूर्ण वर. तोरण नवीन, रांगोळी, आत्या परत मोरपंखी साडीत. काका दाढी करून स्टुलावर. काउंटरवर पोह्यांची एकच प्लेट, वर खोबरं न् कोथिंबीर, बाजूला लिंबाची फोड. बाहेर कंपनीतली पोरं जमलेली, रात्रपाळी करून सुटलेली. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं की मी खोटा आहे. एक जण मला बघून पटकन विडी विझवून बाजूला झाला. मला फार बरं वाटलं.

मी शिरलो. हात मागं बांधले. काउंटरच्या कडेवरून बोट फिरवलं, उन्हाकडं धरलं. बोट चकचकीत. "हूं," मी नाकातून म्हटलं.

"साहेबाच्या पायात रबरी चप्पल हाय," मनोरची बाई हळूच म्हणाली.

"तपासणीत बोलू नये," मी तिला म्हटलं. मग पिंपाचं झाकण उचललं, आत वाकून बघितलं, पिंपातून आवाज घुमवून "पाणी चालू आहे का" विचारलं. बाहेर पोरं हसायला लागली. म्हणजे त्यांना कळलं की साहेब वेगळाच आहे, पण एकाला नाही कळलं. तो काकुळतीला येऊन म्हणाला, "साब, चाची बहुत दिन से बैठी है. पास कर दो ना."

"देखते हैं," मी म्हटलं. आता मी नुसता साहेब नव्हतो, रंगात आलेला साहेब होतो. पोहे अर्धेच खाल्ले. जड गेलं, कारण पोहे फार चांगले होते, पण कलेसाठी अर्धे ठेवले. मग फाइल उघडली, पेन काढलं, आणि जसं आत्यानं करून दाखवलं होतं तसं अगदी तंतोतंत, पोट पुढं, मान डावीकडं वळवून विचारलं,

"मालक कोण?"

डावीकडं स्टुलावर काका होते.

आणि काका उभे राहिले. कंपनीत साहेब आला की उठायची सवय अंगात मुरलेली. "मी," म्हणाले, आणि मग आत्याकडं बघून, "मी नाय."

सगळे जे हसले. पोरं, मनोरची बाई, पंक्चरवाला पण येऊन उभा होता तो. मी तर फाइल तोंडावर धरली. काका पण स्वतःवरच हसत खाली बसले.

आत्या काउंटरमागं उभी होती. तिनं पदर सारखा केला, हात पुसले आणि शेगडी पेटवली.

"पास का, साहेब?" तिनं विचारलं.

"पास," मी म्हटलं.

"मग व्हा बाजूला. गिऱ्हाईक उभं हाय."

दुकान उघडलं. असं उघडलं की पोहे संपून परत भिजवावे लागले. रात्रपाळीची पोरं गेली, दिवसपाळीची आली. मी शर्टाच्या बाह्या वर करून प्लेटा देत होतो आणि येणाऱ्या प्रत्येकाला साहेब करून दाखवत होतो. आत्या मान खाली घालून पोहे परतत होती. मला वाटलं, कामात आहे.

गर्दी ओसरली, काका कोथिंबीर आणायला गेले, आणि आत्यानं झारा खाली ठेवला.

"इकडं ये."

गेलो.

"काय सांगितलेलं मी तुला?"

"नीट ये म्हणून. नीटच केलं की आत्या. बोट, पोहे, नाकातला आवाज, एक चूक दाखव."

"एक पण नाय. तेच तर." ती मोठ्यानं बोलत नव्हती. मोठ्यानं बोलली असती तर मला सोपं गेलं असतं. "तो साहेब माज्याकडं बघायचा नाय, कारण पुढं पडदा होता. तुज्यासमोर कुठला पडदा होता? मी साडी नेसून पुढ्यात उभी. तोरण कोणी बांधलं, पोहे कोणी केले, हे तुला माहीत. कागदावर नाव कोणाचं, ते तर तूच लिवलंस. आणि मान वळवलीस ती कुणाकडं?"

"तूच तशी दाखवलीस ना," मी म्हटलं.

"मी दाखवली ती का दाखवली? शिकायला? त्या मानेचाच राग यायचा मला. वर्षानुवर्षं पडद्याच्या फटीतून तीच मान बघत होते. सरकारनं कायदा बदलला, साहेब काढून टाकला, आणि तू गाढवा, त्याला मानेसकट परत आणलास. माज्याच दुकानात."

मनोरची बाई भांडी घासायची थांबली होती. आत्यानं तिला हातानं चालू दे असं केलं.

"फोटोतून पण काढलंस मला. पाटी पाहिजे फक्त म्हणे. तेव्हा गप बसले, म्हटलं सरकारचा नियम असंल."

"नियमच आहे," मी म्हटलं. "पाटी दिसायला पाहिजे."

"पाटी वर होती, मी खाली होते. दोन पावलं मागं सरकला असतास तर दोघी आलो असतो."

मी प्रिंटरसारखा घसा खाकरायला गेलो, तर तिनं असं बघितलं की तो आवाजच अडकला.

"हसू नको आणि रडू पण नको, नाटकं येतात तुला दोन्ही. उद्या सकाळी परत ये. बाबांचा शर्ट घालू नको, फाइल आणू नको, त्या साहेबाचं नाक आणू नको. तुज्या तोंडानं, तुज्या आवाजात विचार. आणि माज्याकडं बघून. काकांना मी स्टुलावरून उठवून ठेवते." मग तिनं काउंटरवरची सकाळची प्लेट माझ्यापुढं ढकलली. "आणि हे अर्धे पोहे खाऊन टाक आधी. अन्न टाकून जायला तू काय साहेब हायस?"